समुद्रकिनारी सुट्टी आणि बाहेर धो धो पाऊस: घरातला दिवस कसा घालवायचा

रात्री लाटांचा आवाज ऐकत झोपलो होतो. सकाळी तोच आवाज वाटला म्हणून पडदा सरकवला, तर तो पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा होता. समुद्र दिसतच नव्हता. मागे मुलगी पोहायचे कपडे घालून, कपाळावर गॉगल चढवून, बादली हातात घेऊन उभी.

त्या दिवशी आम्ही जे केलं ते तुम्ही करू नका. दर वीस मिनिटांनी खिडकीशी जाऊन ‘आता उघडेल’ म्हणत राहिलो. दुपारी दोनपर्यंत एकही खेळ धड पुरा झाला नव्हता, मुलीने पोहायचे कपडे काढले नव्हते आणि घरातली तिन्ही माणसं एकमेकांवर वैतागलेली होती. अख्खा दिवस वाट बघण्यात गेला. नंतरच्या सुट्ट्यांमध्ये हळूहळू जी घडी बसली ती इथे लिहितो आहे. तिचं सूत्र अगदी साधं आहे: सकाळीच ठरवून टाकायचं, दिवसभरात एकच मोठं काम हाती घ्यायचं आणि त्याचं सामान काल किनाऱ्यावरून भरून आणलेल्या बादलीतून काढायचं.

आधी निर्णय, मग चहा

उठल्यावर फोनवर पावसाचा रडार नकाशा उघडा. आकडे आणि टक्केवारी बाजूला ठेवा, गेल्या तासाभरात ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकला तेवढं बघा. पट्टा अरुंद असेल आणि मागे मोकळं आकाश असेल, तर तासाभराचा प्रश्न आहे. सगळा नकाशाच रंगला असेल, तर समुद्र विसरा. मग घरात जाहीर करा: ‘जेवणापर्यंत आत. एक वाजता पुन्हा बघू.’ मधल्या वेळात कुणीही हवामान बघायचं नाही, आणि हा नियम मुलांपेक्षा मोठ्यांनाच जड जातो.

विजा चमकत असतील तर वेगळा हिशेब. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरा. पण हा आकडा मुलांच्या कुतूहलापुरता. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, मग ती एक किलोमीटरवर असो की आठ. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पाऊल टाकायचं नाही. विजा चालू असताना अंघोळ आणि भांडी घासणंही टाळावं, कारण नळ आणि पाइपांतून वीज घरात येऊ शकते. ‘तलावावर छप्पर आहे ना’ म्हणत पोहायला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

निर्णय झाला की फोन, पॉवर बँक, विजेरी असं सगळं लगेच चार्जिंगला लावा (विजा चमकत नसतील तर). वीज जाईल तेव्हा सुचून उपयोग नसतो.

ओलं आवरून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झालं नाही तर खोलीला दुपारपर्यंत कुबट वास येतो आणि सगळ्यांचा मूड त्या वासाबरोबर जातो. कालचे ओले कपडे वाळत नसतील तर कोरडा टॉवेल पसरा, त्यावर ओला कपडा ठेवा, दोन्हींची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर उभे राहा. पिळून निघतं त्याहून कितीतरी जास्त पाणी टॉवेल ओढून घेतो. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने नाचतात. मग पंख्याखाली दोरी बांधून कपडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे टाका. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. पायांना चिकटलेली वाळू निघत नसेल तर थोडी टाल्कम पावडर चोळून झटका, ती सुटून पडते.

कालची बादली

आता बादली जमिनीवर, जुन्या कागदावर उपडी करा. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी फार वाईट पद्धतीने शिकलो. एकदा एक सुरेख शंख मी मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी बॅग उघडली तर असा वास आला की सगळे कपडे दोनदा धुवावे लागले. आत गोगलगाय होती. ती मेली ती माझ्यामुळे, हे जास्त लागलं. म्हणून प्रत्येक शंखाच्या तोंडात विजेरीने बघायचं. आत झाकणासारखी चकती किंवा खेकड्याचे पाय दिसले, तर तो लगेच थोड्या समुद्राच्या पाण्यात सावलीत ठेवायचा आणि पाऊस ओसरला की किनाऱ्यावर सोडायचा. नळाच्या गोड्या पाण्यात ठेवलं तर तो जीव वाचत नाही. खरं तर हे बघणं किनाऱ्यावर, उचलतानाच व्हायला हवं. निमुळत्या कोनाच्या आकाराचे जिवंत शंख तर हातातही घेऊ नयेत, त्यांतल्या काही जातींचा डंख माणसाच्या जिवावर बेततो. आणि कितीतरी किनाऱ्यांवरून शंख, वाळू किंवा प्रवाळ नेण्यावर बंदी असते, तेव्हा तिथला फलक वाचूनच बादली भरावी.

रिकामे शंख-शिंपले गोड्या पाण्यात भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. पांढरेशुभ्र करायला ब्लीच वापरायचं असेल तर ते मोठ्या माणसानेच, भरपूर पाणी घालून वापरावं. ब्लीच आणि व्हिनेगर चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मी स्वतः ब्लीच वापरत नाही. शंखाचा मूळ मातकट रंग मला आवडतो.

मग वर्गवारी. रंगाप्रमाणे ढीग लावले की पाच मिनिटांत खेळ संपतो. प्रश्न विचारले की तास जातो. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा: तोंड उजव्या हाताला आहे की डाव्या? जवळजवळ प्रत्येक वेळी उजव्याच हाताला निघेल. डावा सापडला तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा. एखाद्या शिंपल्याला यंत्राने पाडावं तसं गोल, कडेने उतरतं भोक दिसलं का? ते शिकारी गोगलगायीचं काम. ती शिंपल्यावर बसून, जिभेवरच्या दातेरी पट्टीने घासत भोक पाडते आणि आतला जीव खाते. माझ्या मुलीने असे सात शिंपले वेगळे काढून त्यांना ‘खून झालेले’ असं लेबल लावलं होतं.

वाळूतही बरंच काही असतं. चमचाभर वाळू वाळवून काळ्या कागदावर पसरा आणि भिंगातून बघा. भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं तर सगळ्यांना एकदम दिसतं. काचेसारखे पारदर्शक कण बहुतेक वेळा गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे. पांढरे अपारदर्शक तुकडे शिंपल्यांचे असू शकतात. खात्री करायला त्यांवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपले, प्रवाळ किंवा चुनखडी. क्वार्ट्झ ढिम्म राहतो. आता लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवा. काळे कण उठून चिकटले तर त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज आहे. पिशवी महत्त्वाची. ती नसेल तर ते कण चुंबकावरून काढताना नखं दुखतात.

समुद्राचं पाणी आणलं असेल तर उथळ बशीत ओतून ठेवा. लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे बशीभर पाण्यातून चिमूट-दोन चिमूट निघेल. पावसाळी हवेत दोन-तीन दिवस लागतात, पण जितकं सावकाश वाळेल तितके चौकोनी स्फटिक मोठे होतात. ते बघण्यासाठी आहेत, चाखण्यासाठी नाहीत.

मोठं काम: वाळूच्या साच्यातलं प्लास्टर

दिवसाचं मुख्य काम म्हणून मी दर वेळी हेच निवडतो. याला दोन-अडीच तास लागतात, मध्ये सक्तीची वाट बघावी लागते आणि शेवटी हातात काहीतरी घट्ट, जड असं उरतं. प्लास्टर ऑफ पॅरिस किलोभर घरूनच न्यावं. वाळू आदल्या दिवशीची, खोकाभर पुरते.

१. बुटांच्या खोक्याला आतून प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि त्यात आठ-दहा सेंटिमीटर वाळू भरा. वाळू कितपत ओली हवी? मुठीत दाबली की गोळा वळावा, बोट लावल्यावर तो फुटू नये, पण बोटांमधून पाणी गळू नये. कोरडी असेल तर ठसा ढासळतो, फार ओली असेल तर प्लास्टर पातळ होऊन मऊ राहतं. सगळं यश-अपयश इथेच ठरतं, म्हणून इथे घाई नको.

२. वाळू हाताने थोपटून सपाट करा आणि मध्ये तीन सेंटिमीटर खोलीचा खड्डा करा. त्याच्या तळाशी शिंपला फुगीर बाजूने दाबा. सरळ खाली दाबायचा, सरळ वर उचलायचा. हलवून काढला की कडा मोडतात. हाताचा किंवा पायाचा ठसाही छान येतो. नाव लिहायचं असेल तर उलटं, आरशात दिसतं तसं लिहा. हे आम्ही पहिल्या वेळी विसरलो आणि अजून भिंतीवर उलटं नाव टांगलेलं आहे.

३. टाकाऊ डब्यात एक भाग साधं पाणी घ्या आणि त्यात दोन भाग प्लास्टर चिमटीने भुरभुरवत सोडा. आधी पाणी, मग प्लास्टर. क्रम उलटा केला तर गुठळ्या होतात. मिनिटभर भिजू द्या, मग काडीने सावकाश ढवळा. फेटायचं नाही, हवेचे बुडबुडे शिरतात. चमचा उचलल्यावर सलग, जाड धार पडली की झालं. समुद्राचं पाणी वापरायचा मोह होतो, पण मिठामुळे प्लास्टर लवकर आवळतं आणि ओतायला वेळच उरत नाही. पूड उडते, तेव्हा हे मोठ्या माणसाने, नाका-तोंडाला रुमाल बांधून करावं.

४. ओतताना चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ओता, म्हणजे धार थेट ठशावर पडत नाही. थर दोन सेंटिमीटर तरी हवा. पातळ थर उचलताना तुटतो. टांगायचं असेल तर सुतळीचा फास करून त्याची दोन्ही टोकं मागच्या बाजूने मऊ प्लास्टरमध्ये रोवून ठेवा.

५. आता हात लावायचा नाही. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. मुलांना वरून हात धरून ऊब जाणवू द्या. पण ओल्या प्लास्टरमध्ये हात किंवा पाय कधीही रोवू देऊ नका. जाड थरात उष्णता इतकी वाढते की गंभीर भाजतं, आणि हात आत अडकतो तो वेगळाच. ठसा वाळूत, प्लास्टर त्यावर, हाच क्रम.

६. तासाभराने कडेने वाळू उकरून तुकडा खालून दोन्ही हातांनी उचला. चिकटलेली वाळू लगेच खरवडू नका. दुसऱ्या दिवशी कोरड्या ब्रशने झटका. थोडी वाळू चिकटून राहतेच, आणि शोभाही तिचीच आहे.

डब्यातलं उरलेलं प्लास्टर तिथेच कडक होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये ओतलं तर ते पाइपात दगड होऊन बसतं. हातसुद्धा बादलीतच धुवा, तळाशी बसलेला गाळ कागदाने पुसून काढा.

शैवालाचे कागद

मोठ्यांना, आणि ज्यांच्याबरोबर मुलं नाहीत त्यांना, मी प्लास्टरऐवजी हे सुचवेन. वादळी रात्रीनंतर किनाऱ्यावर लाल, हिरवी, तपकिरी शैवालं येऊन पडतात. त्यांतली नाजूक, फांद्या-फांद्यांची मूठभर पुरे. ती गोड्या पाण्यात झटपट धुऊन घ्या. उथळ ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घ्या, तळाशी जलरंगाचा जाड कागद ठेवा आणि वर एकच फांदी तरंगत सोडा. हवेत धरलेला ओला गुंता पाण्यात सोडला की फांदी आपोआप उलगडते. ते बघण्यासाठीच ट्रेभोवती सगळे जमतात. मऊ ब्रशने फाटे हवे तसे पसरवा आणि कागद एका कडेने अगदी सावकाश तिरका उचला. पाणी ओघळून जातं, शैवाल कागदावर बसतं.

वर सुती कापड, खाली-वर वर्तमानपत्रं, आणि त्यावर वजन म्हणून घरातली सगळी पुस्तकं. वर्तमानपत्र रोज बदलायचं, कापड मात्र पूर्ण वाळेपर्यंत काढायचं नाही. डिंक लागत नाही. पातळ शैवालाच्या अंगचाच चिकटपणा त्याला कागदाला धरून ठेवतो. जाड, मांसल शैवालं मात्र चिकटत नाहीत आणि कुजतात, ती नको. १८४३ मध्ये ब्रिटनच्या ॲना ॲटकिन्स यांनी अशाच शैवालांचे निळे छायाठसे काढून पुस्तकरूपात आणायला सुरुवात केली होती. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यांच्या पद्धतीला ऊन लागायचं, आपल्याकडे आज तेच नाही.

अंगातली रग

पाऊण तास बसून काम झालं की हातपाय हलायलाच हवेत, नाहीतर भांडणं सुरू होतात. फुगा फुगवा, दोन खुर्च्यांमध्ये दोरी बांधा, झालं व्हॉलीबॉल. फुगा आपटला तरी खालच्या मजल्यावर आवाज जात नाही, काही फुटत नाही. जमिनीवर मास्किंग टेपने नागमोडी रेघ आखा आणि तिच्यावरून खेकड्यासारखं, पोट वर करून हात-पायांवर तिरकं चालायची शर्यत लावा. यात मोठे हमखास हरतात. टेप संध्याकाळी काढून टाका, रात्रभर राहिला तर काही फरश्यांवर डाग सोडतो.

बाहेर कुठे मत्स्यालय किंवा संग्रहालय बघायचं असेल तर दार उघडायच्या वेळेला पोहोचा. अकरानंतर किनाऱ्यावरची सगळी माणसं तिथेच येतात.

दुपारचा एक तास कुणी कुणाशी बोलायचं नाही

पावसाळी दिवशी लोक कार्यक्रम कमी पडतील म्हणून घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे: कार्यक्रम जास्त होतात. एका खोलीत चार माणसं सकाळपासून एकत्र असली की प्रत्येकाला एक कोपरा स्वतःचा लागतो. जेवणानंतर तासभर ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात वाचावं, चित्र काढावं, झोपावं. फोनमधले फोटो निवडायलाही हीच वेळ चांगली. एका दिवसाचे वीसच ठेवायचे, बाकीचे पुसायचे. सिनेमा मात्र दुपारी नको. एकदा पडदा चालू झाला की उरलेला दिवस त्याच्याच ताब्यात जातो.

खिडकीतली वेधशाळा

सरळ भिंतींचा काचेचा पेला छपरापासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. तासाने आत साचलेलं पाणी पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हे सांगितलं की मुलं लगेच अख्ख्या गच्चीचा हिशेब करायला बसतात.

वारा मोजायला उपकरण लागत नाही. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये शून्य ते बाराची जी श्रेणी मांडली, तिच्या आजच्या रूपात झाडं बघून आकडा देता येतो. पानं सळसळली की २, कागद आणि धूळ उडाली की ४, लहान झाडं डोलली की ५, छत्री सांभाळणं अवघड झालं की ६, अख्खी झाडं हलून वाऱ्याविरुद्ध चालणं कठीण झालं की ७, डहाळ्या मोडू लागल्या की ८. तासातासाने आकडा कागदावर टिपा. संध्याकाळी त्या आकड्यांतून वादळ चढलेलं आणि उतरलेलं दिसतं.

संध्याकाळ

वीज गेली तर उत्तमच, विजेरीच्या उजेडात भिंतीवर सावल्या करा. नाहीतर पत्ते, नाव-गाव-फळ-फूल, जे सगळ्यांना येतं ते. नवा, नियमांचं पुस्तक वाचावं लागेल असा खेळ दमलेल्या माणसांपुढे ठेवू नये.

दोन मीटरची दोरी असेल तर एक गाठ सगळ्यांनी शिकावी, अगदी डोळे मिटून जमेपर्यंत. दोरीच्या लांब भागावर छोटा वेढा करा, टोकाकडची बाजू वर राहील असा. टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोरीच्या मागून वळवा आणि त्याच वेढ्यातून पुन्हा खाली घाला. दोन्हीकडून ओढा. निरगाठीसारखी ती आवळून बसत नाही, सुरगाठीसारखी सरकत नाही, आणि कितीही ताण आला तरी नंतर सहज सुटते. म्हणूनच होड्या बांधायला ती शतकानुशतकं वापरात आहे. आमच्याकडे वेढा उलटा पडून गाठच सुटून जाते, असं पहिल्या दहा वेळा तरी होतं.

पाऊस थांबल्यावर

गडगडाटानंतरची तीस मिनिटं झाली की फिरायला जा, पोहायला नको. जोराच्या पावसाचं पाणी नाल्यांमधून सगळी घाण समुद्रात आणतं. नाल्याच्या किंवा नदीच्या तोंडाशी निदान दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये. वादळ शमल्यावरही लाटा मोठ्या असतात आणि किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह जोरात असतात. जीवरक्षकाने लावलेलं निशाण बघूनच ठरवा. चालायला मात्र हीच सगळ्यात चांगली वेळ, कारण नवे शिंपले आणि शैवाल नुकतंच येऊन पडलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात ठेवलेला जिवंत शंख किंवा खेकडाही आत्ताच सोडून यायचा.

जाताना खोक्यातली वाळू बरोबर घ्या. आधी ती चाळून प्लास्टरचे कण आणि खपल्या काढा, त्या कचऱ्यात टाका. स्वच्छ झालेली वाळू जिथून उचलली तिथेच ओता. प्लास्टरचा तुकडा तोवर खोलीत उभा टेकवून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. तो पूर्ण वाळल्याशिवाय बॅगेत भरू नका. गालाला लावल्यावर गार लागला तर आत अजून ओल आहे.